अभिप्रायाची वही

शनिवारी पोचलो तेव्हा धक्क्यावरचा रंग ओलाच होता.
"हात लावू नका," रांकाप म्हणाला,
आणि त्याच्याच कोपराला हा एवढा निळा डाग.
तिकिटांचं पुस्तक कोरं करकरीत. आमचा नंबर सतरा.
त्याच्या मुलीनं, लामियांगनं, सुटे पैसे दोनदा मोजले
आणि तिसऱ्यांदा माझ्या तळहातावर.

पाणी काळं.
घाण नव्हे, कोऱ्या चहासारखं,
झाडांनी टाकलेली पानं कोण जाणे कधीपासून मुरलेली.
हात बुडवला: मनगट मधाचं,
कोपर विटकरी,
बोटं कुठे गेली ते बोटांनाच ठाऊक.
पालांकारायाच्या नळाला सरावलेला माझा गालिह
ओंजळ हुंगून म्हणाला, "साखर घातलेली नाही."

केलोतोक म्हणतात होडीला, तिच्या इंजिनाच्या आवाजावरून.
रांकापनं ते बंद केलं तेव्हा
कान दुखतात की काय असं वाटलं.
मुळं पाण्याबाहेर गुडघे काढून बसलेली,
आपण काहीतरी बोलत होतो ते त्यांनी ऐकलेलं.

शहरातून कुणी येऊन त्याला तीन दिवस शिकवून गेलं होतं:
हसावं. जॅकेट घालायला लावावं.
'माहीत नाही' म्हणू नये.
म्हणून तो प्रत्येक पक्ष्याला नाव देत होता,
एकाला दोन वेळा वेगळं.

मग गालिहनं विचारलं,
"इथलं सगळं पाणी वाकडंतिकडं,
हाच एक पाट पट्टीनं आखल्यासारखा कसा?"

रांकाप हसला नाही.
"हा आम्ही खणला. मी एकोणीस वर्षांचा.
ओंडके याच्यातून वाहून न्यायचो, रात्री.
दिवसाचा रोज वेगळा, रात्रीचा वेगळा.
मग तळ्याच्या कडेची माती सुकली,
आणि एका वर्षी माती पेटली.
माती. वरून विझवावी तर आतून चालत जायची.
दोन महिने कोंबड्यांना सकाळ झाल्याचं कळत नव्हतं."

पुढे लाकडी बांध आडवा आला.
उतरलो, चपला हातात,
पाहुण्यांनी आणि यजमानानं मिळून होडी पलीकडे ढकलली.
असे नऊ बांध. तेही त्यानंच घातलेले.
"खणायचे पैसे मिळाले, बुजवायचेही मिळतात,"
तो म्हणाला, "बुजवायला वेळ जास्त लागतो.
पैसे तेवढेच."

लांबनाकी माकडं काही आली नाहीत.
सोयरे लग्नाला न फिरकल्यासारखा तो ओशाळला,
झाडाझाडाकडे बोट दाखवून
कोण कुठे बसतं ते सांगत राहिला.

रात्री आम्हाला त्याच्या सासूची खोली.
नवी चादर, पंख्याला अजून प्लास्टिक,
आणि उशीखाली सुपारीची पितळी डबी.
बऱ्याच उशिरा दार किंचित किलकिलं झालं.
तांबी उभी, स्वतःच्याच घरात चोरासारखी.
मी डबी पुढे केली.
तिनं एक खांड माझ्या हातावर ठेवलं, एक तोंडात टाकलं,
आणि धुरावल्या मासळीच्या वासाच्या चुलीकडे
निजायला निघून गेली.
माझी जीभ पहाटेपर्यंत तुरट.

निघताना वही.
नाव. गाव. काय आवडलं. काय सुधारावं.
आमच्याआधीच्या कुणीतरी लिहिलं होतं: डास कमी करावेत.
गालिहनं लिहिलं: माकडांना आधी कळवावं.
मी लिहिलं: तांबींना त्यांची खोली द्यावी.
आणि लगेच खोडलं.
मग आम्ही कुठे निजलो असतो?
आणि पंखा कशाच्या पैशांनी लागला असता?
पेन हातात धरून थोडा वेळ नुसती उभी.
खाली होडीचं इंजिन सुरू झालं.

वळून पाहिलं तर लामियांग
वहीचं पान खिडकीच्या उजेडात धरून
खोडलेलं वाचत होती.